मोडीत काढलेली विमानं

आईचं शिलाई मशीन असो, लुना असो, नाहीतर गावाकडच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन, अण्णा कुठलंही यंत्र एकदम सुरू करायचे नाहीत. आधी हातानं फिरवून बघायचे. मशीनच्या चाकावर तळवा टेकवून दोन फेरे, लुनाचं पेडल दोनदा, आणि विहिरीवरच्या इंजिनाचं चाक तर चांगलं चार-पाच वेळा. हळूहळू, मान तिरकी करून, आतून काही ऐकू येतंय का ते टिपत. आई वैतागायची. "अहो, ब्लाऊजला बाह्या लावायच्यात मला, विमान नाही उडवायचं." अण्णा म्हणायचे, "विमानालासुद्धा हेच."

ते खरंच सांगत होते हे कळायला मला बरीच वर्षं लागली. हवाई दलात ते इंजिन फिटर होते, आणि नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी पुण्याला लोहगावच्या तळावर काढली, सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. या स्क्वाड्रनकडे लिबरेटर विमानं होती. चार इंजिनांची, दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेत बनलेली अवजड बॉम्बफेकी विमानं. युद्ध संपून पंधरा-वीस वर्षं झाली होती. जगात इतर ठिकाणी ही विमानं वितळवून त्यांच्या ॲल्युमिनियमची भांडी झाली होती, आणि आमचे अण्णा रोज सकाळी त्यांची पाती हातानं फिरवत होते.

पाती फिरवायची ती यासाठी. लिबरेटरचं ट्विन वॉस्प इंजिन गोल असतं, दोन ओळींत चौदा सिलिंडर, फुलाच्या पाकळ्यांसारखे. इंजिन बंद असलं की तेल हळूहळू झिरपत खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसाच स्टार्टर दाबला तर वरून येणारा पिस्टन त्या तेलावर आदळतो. तेल काही दबत नाही, मग पिस्टनचा दांडा तरी वाकतो नाहीतर सिलिंडरचं डोकं तरी उडतं. म्हणून दोघा-तिघांनी एकामागून एक पातं धरून ओढायचं, इंजिनाचे पूर्ण फेरे होऊ द्यायचे, कुठे अडलं तर जोर करायचा नाही. अशी चार इंजिनं. "गळतं म्हणून घाबरायचं नाही," अण्णा सांगायचे. "गळायचं थांबलं की घाबरायचं. म्हणजे आत तेलच उरलेलं नाही."

त्यांच्याकडून ऐकलेलं लिबरेटर हे माझ्यासाठी लढाऊ विमान नव्हतंच कधी. ते एखाद्या मोठ्या जुन्या वाड्यासारखं होतं. त्याच्या पोटाचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत बाजूला सरकायचे. आत, बॉम्ब टांगायच्या जागेच्या मधोमध, वीतभर रुंदीची एक पट्टी पुढून मागे जाण्यासाठी. तिच्यावरून चालायचं म्हणजे तोल सांभाळत, अंग चोरत. पुढच्या भागात एक छोटं पेट्रोलवरचं जनित्र, विमान जमिनीवर असताना वीज देणारं. त्याच्या आवाजावरून इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याला 'पट-पट' नाव दिलं होतं, आणि अण्णांच्या तोंडी ते अस्सल मराठी वाटायचं. पेट्रोलच्या वाफा आत कोंडू नयेत म्हणून उड्डाणाच्या वेळी ते पोटाचं शटर थोडं उघडं ठेवत.

या विमानाचा सगळा जीव त्याच्या पंखात होता. ११० फूट लांब, अरुंद, सडपातळ पंख, डेव्हिस नावाच्या माणसानं सुचवलेल्या आकाराचा. कमी इंधनात लांब जायचं, भार जास्त उचलायचा, हे त्याला साधलं होतं. मोबदल्यात तो नाजूक होता, वर्मी मार बसला की दुमडायचा. पहिलं लिबरेटर २९ डिसेंबर १९३९ला कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला उडालं आणि युद्ध संपेपर्यंत अशी १८ हजारांहून जास्त विमानं बांधली गेली. त्यातली ८,६८५ एकट्या फोर्ड कंपनीच्या मिशिगनमधल्या विलो रन कारखान्यात. ऐन भरात असताना तिथून दर तासाला एक विमान बाहेर पडत होतं. मोटारी बनवणाऱ्यांनी मोटारींसारखीच विमानं बनवायला घेतली होती, आणि रिबिटं मारणाऱ्या हातांत बायकांचे हात पुष्कळ होते. त्यांपैकी कुणाला ठाऊक असणार की आपण ठोकलेलं रिबिट पंचवीस वर्षांनी कोरेगाव तालुक्यातला एक पोरगा पुण्यात बसून तपासणार आहे?

लिबरेटर युरोपवर उडाली, अटलांटिकवर पाणबुड्या शोधत हिंडली, पॅसिफिकमध्ये लढली. पण आपल्याकडची गोष्ट बंगालमधली आहे. जपाननं १९४२मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि कोलकात्याच्या आसपासच्या सपाट जमिनीवर धावपट्ट्यांची रांग उभी राहिली. साल्बनी, डिग्री, धुबुलिया, पांडवेश्वर. साल्बनी म्हणजे सालवृक्षांचं वन. आज तिथे नोटा छापायचा कारखाना आहे. तेव्हा तिथून ब्रिटिश हवाई दलाच्या १५९ नंबरच्या स्क्वाड्रनची लिबरेटर रंगून, मंडाले, बँकॉकच्या दिशेनं झेपावत होती. जेम्स ब्लॅकबर्न नावाचा कॅनेडियन विंग कमांडर त्यांचा म्होरक्या होता. इंधनाचं मिश्रण किती पातळ ठेवायचं, इंजिनं कोणत्या वेगात चालवायची, काय काय काढून टाकून वजन घटवायचं, असा त्यानं काटेकोर हिशोब बसवला. तेवढ्याच अंतरावर त्याची विमानं आधीच्या दुपटीहून जास्त भार नेऊ लागली. २७ ऑक्टोबर १९४४ला त्याची पंधरा विमानं बंगालच्या उपसागरापार मलायातल्या पेनांग बंदरात सुरुंग टाकून परतली. जाऊन-येऊन तीन हजार मैलांहून जास्त. अण्णांना ही हकिगत मी वाचून दाखवली तेव्हा मैलांचा आकडा त्यांनी ऐकला न ऐकल्यासारखा केला. मिश्रणाचा भाग मात्र पुन्हा वाचायला लावला.

पांडवेश्वरला अमेरिकनांचा सातवा बॉम्बार्डमेंट ग्रुप होता. त्याची काही विमानं पर्ल हार्बरवर हल्ला चालू असतानाच तिथे उतरायला आली होती. पुढे जावा आणि मग भारत असा त्याचा प्रवास झाला. त्यांच्या एका स्क्वाड्रननं ब्रह्मदेशातल्या रेल्वे पुलांवर एक नवं अस्त्र वापरलं. बॉम्बच्या शेपटीला जळती ज्योत आणि रेडिओनं हलणारे छोटे पंख. विमानातला माणूस ती ज्योत बघत बॉम्बला डावीउजवीकडे वळवू शके. पुढे-मागे करता येत नसे, पण पूल ही लांबट वस्तू, तिला एवढं पुरतं. २७ डिसेंबर १९४४ला प्यिनमनाजवळचा पूल त्यांनी असा पाडला.

इथवर वाचताना माझ्यातली फिटरची पोर खूश असते. आणि मग मेदिनीपूर हे नाव आडवं येतं.

साल्बनी आणि डिग्री दोन्ही मेदिनीपूर जिल्ह्यातली. ऑक्टोबर १९४२मध्ये याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आणि समुद्राची लाट चालून आली, आणि पुढच्या वर्षी बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूरची माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडली. त्या दुष्काळानं बंगालमध्ये लाखो माणसं गिळली. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या नावा आणि तांदूळ सरकारनं आधीच काढून घेतले होते. अशा जिल्ह्यात काँक्रीटच्या लांबच लांब धावपट्ट्या होत्या, इंधनाची पिंपं होती, डबाबंद मांस होतं आणि अख्ख्या पृथ्वीवर कुठेही पोचू शकेल अशी व्यवस्था होती. स्क्वाड्रनच्या इतिहासात उड्डाणं असतात, टनांचे आकडे असतात, गमावलेल्या वैमानिकांची नावं असतात, आणि ती असायलाच हवीत. धावपट्टीच्या कुंपणापलीकडचं गाव मात्र त्यात नसतं. मला ते गाव त्याच पानावर हवं आहे. विमानं माझ्या बापाची म्हणून मला प्रिय आहेत, आणि म्हणूनच ती कुठून उडाली हे मी डोळ्याआड करणार नाही.

तसंच सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचं. जपान्यांनी ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग युद्धकैद्यांकडून आणि मजुरांकडून वेठीनं बांधून घेतला. ऑक्टोबर १९४३मध्ये तो पुरा झाला तोवर हजारो माणसं पटकी, मलेरिया आणि उपासमारीनं गेली होती. युद्धकैदी १२ हजारांहून जास्त, आणि आशियाई मजूर त्यांच्या कितीतरी पट. त्या मजुरांत मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ कुटुंबकबिल्यासकट होते. पुढे बंगालमधून उडालेली लिबरेटर हाच मार्ग, त्याचे हेच पूल उडवू लागली. १९४५मध्ये कांचनाबुरीजवळच्या लोखंडी पुलाच्या कमानी पडल्या. पण पुलाशेजारीच कैद्यांची छावणी होती, आणि त्याआधीच्या एका हल्ल्यात चुकलेले बॉम्ब आपल्याच माणसांवर पडले. खाली बसलेल्याला वरच्या इंजिनांचा आवाज सुटकेचा वाटत असेल की मरणाचा? एकाच वेळी दोन्ही वाटत असणार. विमानाचं नाव लिबरेटर, म्हणजे मुक्तिदाता. ते ब्रिटिशांनी ठेवलेलं.

एका विमानाचा माग मी बराच काढला आहे. त्याचा ब्रिटिश क्रमांक केएन ७५१. ते ९९ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होतं. या स्क्वाड्रनचं अधिकृत नाव 'मद्रास प्रेसिडेन्सी' स्क्वाड्रन. मद्रास इलाख्यातल्या देणग्यांच्या स्मरणार्थ ते दिलेलं. आधी वेलिंग्टन विमानं उडवत हे लोक भारतात आले, १९४४मध्ये त्यांना लिबरेटर मिळाली, आणि १९४५च्या उन्हाळ्यात त्यांना हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर हलवलं गेलं. नारळांच्या झाडांमधली धावपट्टी, चारही बाजूंना पाणी. तिथून मलायावर मोठी चढाई करायचा बेत होता. पण ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि बेत बदलला. त्या शटरच्या पोटात बॉम्बऐवजी अन्न आणि औषधं भरली, आणि छावण्यांतल्या कैद्यांसाठी ती पॅराशूटनं खाली सोडली. नोव्हेंबरमध्ये स्क्वाड्रन मोडलं. मला ते शेवटचे काही आठवडे फार आवडतात. तेच विमान, तीच इंजिनं, तोच दरवाजा उघडणारा खटका.

मग कानपूर.

ब्रिटिशांना ही विमानं अमेरिकेकडून लेंड-लीज करारानं मिळाली होती, म्हणजे वापरायला दिलेली. युद्ध संपल्यावर ती विकत घ्या, परत करा नाहीतर नष्ट करा. अमेरिकेला ती परत नको होती आणि ब्रिटनकडे पैसे नव्हते. म्हणून भारतातली लिबरेटर कानपूरला चकेरीच्या तळावर गोळा केली गेली आणि तिथेच त्यांना पुन्हा उडता येणार नाही अशी तजवीज झाली. काहींवर बुलडोझर घातले. यंत्रफलक फोडले. इंजिनांत वाळू ओतली.

वाळूचं ऐकून अण्णा गप्प झाले होते. नंतर म्हणाले, "फोडलेलं सांधता येतं गं. वाळू म्हणजे मुद्दाम केलेलं काम." फिटरच्या हिशोबात बुलडोझरपेक्षा मूठभर वाळूचा गुन्हा मोठा.

उत्तर प्रदेशातलं ऊन आणि दोन पावसाळे खात ती तिथे पडून राहिली. तोवर देश स्वतंत्र झाला, काश्मीरची लढाई सुरू झाली, आणि नव्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नाही हे सगळ्यांना दिसत होतं. नवी विमानं घ्यायला पैसा नव्हता. १९४८मध्ये कुणाचं तरी लक्ष चकेरीच्या त्या ढिगाऱ्याकडे गेलं, आणि तो ढिगारा बघायला बोलावलं गेलं ते बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांना.

इथे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना नमस्कार करायला हवा. बांधकाम, जहाजं, साखर यांत मुरलेल्या या माणसाला १९३९मध्ये अमेरिकेच्या वाटेवर विल्यम पॉली नावाचा विमानांचा व्यापारी भेटला, आणि आपल्या देशात विमानाचा कारखाना काढायचा ध्यास त्यांनी घेतला. डिसेंबर १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. युद्धाचा वणवा जवळ आल्यावर १९४२मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढे कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीसाठी गेला. वालचंदांच्या हातून तो निसटला याची हळहळ मला नेहमी वाटत आली आहे. पण त्याच दोन वर्षांत बंगळूरच्या शेकडो कामगारांनी अमेरिकन विमानं खोलून, साफ करून, पुन्हा जोडायचं काम शिकून घेतलं. लिबरेटरसुद्धा त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यामुळे १९४८मध्ये कानपूरला जे पोचले ते भंगार विकत घेणारे नव्हते. ते ओळखीच्या विमानाकडे गेले.

त्यांनी एका विमानाचं शेपूट, दुसऱ्याचा पंख, तिसऱ्याचं चाक असं करत विमानं जुळवली. सारी नीट करायची सोय कानपूरला नव्हती, ती बंगळूरला. म्हणजे आधी त्या अर्धवट दुरुस्त विमानांना तिथवर उडत न्यायला हवं होतं. हे काम कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पत्करलं. त्यांनी याआधी लिबरेटर उडवलं नव्हतं. माहितीपुस्तिका वाचून ते शिकले आणि कानपूर ते बंगळूर अशा फेऱ्या करत एकेक विमान घेऊन गेले. चाळीसच्या वर विमानं अशी गेली. ज्या इंजिनांत वाळू ओतली होती, ज्यांचे फलक फोडले होते, त्या ढिगाऱ्यातून निघालेली विमानं. अण्णा हा भाग दर वेळी उभं राहूनच ऐकायचे. बसून ऐकलेलं मला आठवत नाही.

२ नोव्हेंबर १९४८ला कानपूरमध्येच पाच नंबरचं स्क्वाड्रन उभं राहिलं, भारताचं पहिलं जड बॉम्बर स्क्वाड्रन. १९५७मध्ये त्यांना कॅनबेरा जेट मिळाली. आणि जानेवारी १९५१मध्ये पुण्याला सहा नंबर पुन्हा सुरू झालं. पुन्हा म्हणते, कारण ते १९४२मध्ये हरिकेन विमानांवर जन्मलं होतं, ब्रह्मदेशच्या आघाडीवर चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणून नावाजलं होतं, आणि फाळणीनंतर भारताच्या यादीतून गेलं होतं. नव्या अवतारात त्याचं काम अरबी समुद्रावर नजर ठेवायचं. पोटाखालच्या तोफेच्या जागी आता रडार होतं, पाण्यात जहाज दिसतंय का ते बघणारं. तासन्‌तास नुसतं उडायचं आणि बघायचं.

अण्णा १९६०च्या सुमारास तिथे गेले. एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानंही पुढे याच स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. ती देखणी होती असं अण्णा कबूल करायचे, आणि लगेच लिबरेटरकडे वळायचे. सुटे भाग बाहेरून मिळणं कठीण, म्हणून बरंच काही इथेच घडवून, घासून, बसवून. हिवाळ्यात लोहगावला पहाटे कडाक्याची थंडी असायची. तेव्हा तिथे विमाननगर नव्हतं, उंच इमारती नव्हत्या, वाऱ्याला अडवणारं काही नव्हतं. थंडीत तेल घट्ट झालेलं असे आणि पातं हलता हलत नसे. "आधी एकट्यानं खांदा लावायचा, मग दुसरा यायचा, मग तिसरा. ते सुटलं की आतून आवाज येतो. ओला." तो आवाज ते तोंडानं काढून दाखवायचे.

३१ डिसेंबर १९६८ला लिबरेटर निवृत्त झाली. युद्धातली ही विमानं इतकी वर्षं सेवेत ठेवणारं भारतीय हवाई दल जगात शेवटचं होतं. आणि तेव्हा जगाच्या लक्षात आलं की १८ हजारांतलं आपल्याकडे जवळजवळ काही उरलेलंच नाही. ज्यांनी ती बांधली त्यांनी वितळवली, ज्यांनी उडवली त्यांनी फोडली. उरली ती बहुतेक मोडीतून उचललेली. मग मागण्या आल्या. एक १९६९मध्ये उडत थेट ॲरिझोनाला गेलं, ते आज टूसॉनच्या संग्रहालयात आहे. एक कॅनडाला गेलं आणि त्याच्या बदल्यात तिकडून लायसँडर नावाचं छोटं विमान आपल्याला मिळालं. एक फ्लोरिडात पोचलं. एक अमेरिकेत कोलिंग्ज फाउंडेशननं पुन्हा बांधून १९८९मध्ये हवेत नेलं आणि ते गावोगावी उडत राहिलं. युद्धात लिबरेटर उडवलेली म्हातारी माणसं त्याच्या शेजारी उभी राहून रडत असत. आणि केएन ७५१, जे आपल्याकडे एचई ८०७ झालं होतं, ते १९७४च्या जुलैमध्ये भारतानं ब्रिटनला भेट दिलं. उडत गेलं ते. आज ते लंडनला हेंडनच्या संग्रहालयात आहे. मोडायचं ठरवलेल्यांच्याच घरी, आपल्या इंजिनांवर.

ही बातमी मी अण्णांना सांगितली तेव्हा ते आजारी होते. मला वाटलं होतं, अभिमानाचं काही बोलतील. त्यांनी विचारलं, "पाती फिरवतात का कुणी तिथे? नुसतं उभं ठेवलं तर धरून बसेल."

ते गेल्यानंतरच्या जानेवारीत मी दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात गेले. एक लिबरेटर आपल्याकडे राहिलंय, एचई ९२४. हँगरमध्ये कॅनडाहून आलेलं लायसँडर आहे, लिबरेटर बाहेर आवारात. सकाळची वेळ होती, धुकं पुरतं उठलं नव्हतं, माणसं थोडी. मी आधी पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले, ११० फूट पावलांनी मोजत. मग पोटाखाली वाकून बघितलं. शटरच्या पट्ट्या ओळखल्या. पाती सगळी स्थिर होती. हात लावायची परवानगी नसते, मी लावला नाही.

तिसऱ्या इंजिनाखाली थांबले तेव्हा टप्‌ असा आवाज आला. इंजिनाच्या झाकणाच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत होता आणि त्याच्या खाली जमिनीवर ओला डाग पडला होता, बशीएवढा. मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरा थेंब पडताना तळहात पुढे केला, बोटानं चोळून बघितला आणि नाकाशी नेला.

दव होतं.